कागद, कल्पना आणि वाचकमंडळ

ज्या ग्रंथप्रकाराच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघतात, जो मुंजीच्या आहेरात आणि वाढदिवसाच्या भेटीत हटकून दिला जातो, ज्यातील ग्रंथांची नावे न वाचलेल्या माणसालाही तोंडपाठ असतात, त्या ऐतिहासिक कादंबरीची चिकित्सा मराठीत आजवर मुख्यतः दोन ठिकाणी होत आलेली आहे: एक विद्यापीठीय प्रबंधांत, जेथे ती कोणी वाचत नाही, आणि दुसरी चव्हाट्यावर, जेथे ती कादंबरी न वाचताच केली जाते. या दोहोंच्या मधली जी जागा आहे, म्हणजे पाचदहा समंजस माणसांनी एकत्र बसून एखादी अवघड कादंबरी पानापानाने वाचावी, अडेल तेथे थांबावे, संशय आला तर तो बोलून दाखवावा आणि लेखकाला जाब विचारता विचारता आपल्याही समजुतींची झाडाझडती घ्यावी, तिचा विचार फारसा झालेला नाही. तो या लेखात करावयाचा आहे, आणि तो कांदिवलीत बसून करावयाचा आहे.

कांदिवलीचे नाव वाङ्मयाच्या चर्चेत सहसा निघत नाही. गिरगाव, दादर, पार्ले यांना जशी व्याख्यानमालांची आणि ग्रंथसंग्रहालयांची परंपरा लाभली, पार्ल्याला तर १९२३ पासून लोकमान्य सेवा संघासारखी संस्था लाभली, तशी काही या उपनगराच्या वाट्याला आली नाही. येथील वस्तीच मुळी पाठीमागून आलेली. गिरणगावातील खोली विकून चारकोपच्या म्हाडा वसाहतीत आलेला कामगार, बदलीच्या नोकरीतून निवृत्त होऊन महावीरनगरात स्थिरावलेला बँकेचा अधिकारी, सिंधुदुर्गातून मुलाकडे आलेल्या बाई, आणि या सर्वांच्या आधीपासून पोयसरला राहणारी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे, ज्यांच्या घरातली मराठी ऐकून पुणेकराने कान टवकारावेत, अशी ही सरमिसळ आहे. वाचकमंडळाच्या दृष्टीने मला हा तोटा वाटत नाही. एकाच पेठेत, एकाच शाळेत वाढलेल्या माणसांना इतिहासाविषयी एकमेकांना सांगण्यासारखे फारसे काही नसते.

शिवाय जमीनही कोरी नव्हे. साष्टीचे हे बेट १५३४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले; १७३७ साली सुरू झालेल्या चिमाजी आप्पाच्या मोहिमेत मराठ्यांकडे आले आणि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर तो ताबा पक्का झाला; १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ते बळकावले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या लेण्यात शिवाचे मंदिर, त्यावर उभे राहिलेले पोर्तुगीजांचे मठ आणि चर्च, आणि त्या चर्चचेही आज उरलेले भग्नावशेष, असे थर डोळ्यांनी पाहावयास मिळतात. ज्याला ऐतिहासिक कादंबरी म्हणजे काय हे समजावून घ्यावयाचे आहे, त्याने कोणताही सिद्धान्तग्रंथ उघडण्यापूर्वी तासभर तेथे जाऊन यावे.

एकत्र बसून वाचण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पोथी लावणे, पारायण करणे, चातुर्मासात एखादा ग्रंथ ओवीओवीने सोडवून घेणे, हे मराठी घरात शतकानुशतके चालत आले. परंतु पारायणात श्रोत्याला शंका विचारण्याचा अधिकार असला तरी ग्रंथाला खोटे पाडण्याचा अधिकार नसतो, आणि नेमकी हीच सवय आपण ऐतिहासिक कादंबरीकडे घेऊन आलो. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली आली, ती मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘उषःकाल’ त्यात १८९५ पासून दोन वर्षे क्रमशः प्रसिद्ध झाली. आठवड्याचा अंक येताच घरातल्या एका वाचत्या माणसाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, अशी ती वाचनपद्धती होती. पुढचा अंक येईपर्यंत घरात चर्चा चाले ती पुढे काय होणार याची. हे असे झाले असेल काय, हा प्रश्न त्या माजघरात क्वचितच उठला असेल. पारतंत्र्यात तो उठू नये हेही स्वाभाविक होते, कारण त्या पिढीला गतकालाकडून प्रथम धीर हवा होता.

हरिभाऊ लिहीत होते त्याच काळात दुसरीकडे कागदांचा डोंगर उपसला जात होता. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, त्यात पानिपताच्या काळची अस्सल पत्रे होती आणि त्याच्या दीर्घ प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेचा कडक पंचनामा होता. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. याचा परिणाम असा झाला की मराठी ऐतिहासिक कादंबरीकार हा साधनांच्या दुष्काळात नव्हे, तर सुकाळात लिहिणारा लेखक ठरला. अठराव्या शतकातील मराठ्यांविषयी तर इतके कागद उपलब्ध आहेत की अमुक दिवशी अमुक मुक्कामी दाणावैरणीचा भाव काय होता, हेसुद्धा कित्येकदा सांगता येते. मात्र त्याच रात्री डेऱ्यात बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले होते, ते कोणत्याही दप्तरात सापडत नाही, आणि कादंबरीकाराचा प्रांत तेथून सुरू होतो. तेव्हा सूक्ष्म वाचनाचे पहिले काम म्हणजे प्रत्येक प्रसंगी ही शीव कोठे आहे ते पाहणे: येथपर्यंत कागद बोलतो आहे, येथून पुढे लेखक बोलतो आहे, आणि कागद बोलत असेल तर तो कोणाच्या हातचा आहे.

हा शेवटचा प्रश्न किती महत्त्वाचा, हे संभाजी महाराजांच्या प्रकरणी जितके स्पष्ट होते तितके दुसरीकडे कोठेही होत नाही. व्यसनी, उतावीळ आणि बापाचे राज्य घालविणारा म्हणून त्यांचे जे चित्र मराठी नाटकांनी आणि पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान् पिढ्या रंगविले, त्याचा एक प्रमुख आधार मल्हार रामराव चिटणीस यांची बखर हा होता. ती बखर घटनांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली, आणि तिचा कर्ता त्या बाळाजी आवजी चिटणिसांच्या घराण्यातला, ज्यांना संभाजी महाराजांनी १६८१ साली देहान्त शासन दिले होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली आपल्या चरित्रग्रंथात समकालीन कागदांच्या बळावर हे चित्र मोडून काढले. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ साली आला. आणि या दोघांनी नांगरलेल्या जमिनीत शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ साली उगवली. त्या कादंबरीवरचा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला तेव्हा कांदिवली-बोरिवलीच्या चित्रपटगृहांतून डोळे पुसत बाहेर पडलेल्या कितीतरी तरुणांनी ती प्रथमच हाती घेतली. त्यांच्यातल्या एखाद्याला मंडळात बोलावून बखर, चरित्र, कादंबरी आणि चित्रपट या चार पायऱ्या क्रमाने उतरावयास लावल्या, आणि एकच प्रसंग चौघांनी कसा सांगितला आहे एवढेच पाहावयास सांगितले, तर इतिहासलेखनाचा जो पाठ त्याला मिळेल तो महाविद्यालयात मिळणे दुर्घट आहे. भक्ती त्यामुळे कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे. बेंद्र्यांनी दप्तरे चाळण्यात घालविलेली वर्षे ध्यानात आल्यावर ती अंमळ जबाबदार मात्र होते.

स्वातंत्र्योत्तर काळातील ऐतिहासिक कादंबरीचा बहर सर्वांना परिचित आहे. रणजित देसायांची ‘स्वामी’ १९६२ साली आली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि थोरल्या माधवरावांची ती शोकान्तिका वाचून ज्याचा कंठ दाटला नाही असा मराठी वाचक विरळा. परंतु चर्चेच्या दृष्टीने ‘स्वामी’ ही काहीशी अवघड बाब आहे, आणि तिची अडचण तिच्या गोडव्यात आहे: तिच्यात रमा-माधवांचे जे हळुवार दांपत्यचित्र आहे, त्याने वाचक इतका विरघळून जातो की पेशव्यांच्या डोक्यावर असलेले कर्ज, चुलत्याशी झालेले गृहकलह आणि कर्नाटकच्या स्वाऱ्या हे सारे त्याला नेपथ्यासारखे वाटू लागते. याच्या उलट ना. सं. इनामदार. त्यांनी नायक निवडले तेच मुळी इतिहासाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले: ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव. येथे वाचकाला आपोआप न्यायाधीशाच्या आसनावर बसावे लागते. पळपुटा म्हणून लहानपणापासून ज्याची हेटाळणी ऐकली त्या बाजीरावाची बाजू इतक्या आस्थेने मांडलेली पाहून तो प्रथम चिडतो, मग चपापतो आणि नंतर पुरावा मागू लागतो. पुरावा मागू लागलेला वाचक ही मंडळाची खरी कमाई. इनामदारांच्या भाषेवर रंजकतेचा आरोप करणाऱ्यांनी त्यांच्या या निवडीचे मोल पुरते जाणले नाही, असे मला वाटते.

त्यांच्याच ‘शिकस्त’विषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले की नाही याची निश्चिती न पटल्यामुळे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याने काही काळ कोकणात मोठाच धुमाकूळ घातला, त्याची चौकशी झाली आणि १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. आता या प्रसंगी वाचकमंडळात जो वाद होतो तो मोठा उद्बोधक असतो. पुरुष सभासद बहुधा विचारतात ते चौकशीसंबंधी: पंच कोण होते, साक्षी कोणाच्या झाल्या, जबान्या दाबून घेतल्या काय. बायका विचारतात ते निराळेच: पडद्याआड बसलेल्या त्या बाईला कोणी काही विचारले काय? आणि नसेल विचारले, तर कादंबरीकाराने तिच्या तोंडी जे घातले आहे त्याला कल्पित म्हणावे, की दप्तराने वगळलेली साक्ष म्हणावी? एका बैठकीत हा वाद इतका वाढला की सोसायटीच्या कार्यालयाला कुलूप लावावयास आलेला रखवालदारही किल्ल्या खुळखुळवीत दाराशी उभा राहून ऐकत होता, आणि शेवटी तोच म्हणाला की नवरा गावाला गेला आणि परतला नाही, अशा बायका आमच्या गावीही आहेत, त्या टिकली काढीत नाहीत. त्या वाक्यानंतर तोतयाच्या खटल्यावर जे बोलणे झाले ते आधीच्या दोन तासांपेक्षा वजनदार होते.

येथे मंडळाच्या रचनेचा मुद्दा येतो. मराठी राज्यात वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार आपापल्या माहितीची साक्ष देत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई, ज्याखाली पाटलाने नांगराची आणि सुताराने आपल्या हत्याराची निशाणी करावी. कठीण ऐतिहासिक कादंबरीचे सामूहिक वाचन यशस्वी व्हावयाचे तर त्याला या महजराची घडण हवी, व्याख्यानाची नव्हे. ज्याला जे ठाऊक आहे त्याने तेवढेच सांगावे, पण ते आपल्या निशाणीसह सांगावे. महसूल खात्यात हयात गेलेल्या सभासदाने कमाविसदार आणि मामलेदार यांच्या कामातला फरक सांगितला, बँकेतल्या माणसाने हुंडी कशी फिरते आणि कशी बुडते ते सांगितले, घाटावरच्या शेतकरी घरातून आलेल्याने दुष्काळात गुरे कोणत्या क्रमाने विकतात ते सांगितले, तर ‘पानिपत’सारख्या कादंबरीची कितीतरी पाने, जी एरवी वाचक भरभर उलटतो, ती अकस्मात बोलू लागतात.

विश्वास पाटलांची ती कादंबरी १९८८ साली आली आणि तिने मराठी वाचकाला झपाटून टाकले. पण तिच्याकडे रणसंग्रामाची कथा म्हणून पाहणे हा तिच्यावरचा अन्याय आहे. नोव्हेंबर १७६० पासून मराठ्यांची छावणी पानिपतास अडकून पडली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दुआबाकडून येणारी रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ ला जे सैन्य लढावयास बाहेर पडले ते उपाशी होते. लढाईच्या आधीचे हे दोन महिने म्हणजे खरी कादंबरी. ते वाचताना शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचा पानिपतावरचा ग्रंथ उघडा ठेवावा. १९४६ साली इंग्रजीत आणि पुढे मराठीत आलेल्या या ग्रंथात शेजवलकरांनी मोहिमेच्या भूगोलाला, रसदीला आणि राजकीय हिशेबाला जे महत्त्व दिले आहे ते पाहता कादंबरीकाराने काय घेतले, काय सोडले आणि काय आपल्या पदरचे घातले याचा ताळेबंद मांडता येतो. एक सूचना अनुभवाने करतो: नकाशा भिंतीवर लावल्यावाचून ही कादंबरी मंडळात वाचू नये. कुंजपुरा यमुनेच्या कोणत्या अंगाला आहे आणि अबदाली नदी उतरून कोठे आला हे न कळता भाऊसाहेबांच्या चुका मोजणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते फार मोठ्याने बोलतात.

तथापि ‘अवघड’ हे विशेषण मराठीत ज्या ऐतिहासिक कादंबरीला खऱ्या अर्थाने लावावे ती नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’. पेशाने स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकाने १९९७ साली ती लिहिली आणि तिच्यातून ऐतिहासिक कादंबरीचा नायकच काढून टाकला. येथे निवेदन करतो तो अंताजी कोणी मुत्सद्दी किंवा सरदार नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांच्या आणि पुढे प्लासीच्या धामधुमीत सापडलेला, जीव वाचवून राहणारा, स्वतःविषयीही फारसा आदर न बाळगणारा एक मामुली मनुष्य आहे. रूप बखरीचे आहे, आणि बखरीविषयी राजवाड्यांनी जो अविश्वास शिकविला तो येथे लेखकाने रचनेतच मुरविला आहे: सांगणारा लबाड आहे काय, तो कोणते सोयीस्करपणे विसरतो आहे, हे वाचकाने ओळीओळीत तपासत जावे अशी ही योजना आहे. ‘श्रीमान योगी’वर वाढलेला वाचक येथे प्रथम गोंधळतो. त्याला कोणावर प्रेम करावे हे कळत नाही, कोणाची बाजू घ्यावी हे कळत नाही, आणि शंभर पानांच्या आत निम्मे सभासद पुस्तक खाली ठेवतात. आमच्याकडेही ठेवले.

त्यांना परत आणले ते बंगालच्या साक्षींनी. १७४२ पासून १७५१ पर्यंत भोसल्यांच्या फौजा बंगालवर वरचेवर उतरल्या. कलकत्त्याच्या इंग्रजांनी त्यांच्या धास्तीने मराठा खंदक खणावयास घेतला. १७४४ साली बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने भेटीस बोलावून भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांचा साथीदार सरदारांसह घात केला. आणि शेवटी १७५१ च्या तहात सालिना बारा लाख रुपये चौथाई ठरली. आपल्या शालेय पुस्तकात हे सारे चौथाईच्या एका वाक्यात उरकलेले असते. पण त्याच काळात गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ रचले, त्यात या स्वारांनी गावोगाव केलेली जाळपोळ आणि स्त्रियांवरचे अत्याचार यांचे वर्णन आहे, आणि बंगाली आया आजतागायत मुलाला निजविताना बर्गी येण्याचे भय घालतात. कांदिवलीत बंगाली कुटुंबांना तोटा नाही. एका सभासदाने आपल्या शेजारणीला विचारले तेव्हा त्या बाईंनी ते अंगाईगीत तत्काळ गुणगुणून दाखविले, आणि मग काहीशा संकोचाने विचारले की हे बर्गी म्हणजे तुमचेच लोक ना. हा निरोप पुढच्या बैठकीत येऊन पोचला तेव्हा अंताजीचा कडवटपणा कोठून आला हे कोणाला समजावून सांगण्याची गरज राहिली नाही.

याच कादंबरीच्या वाचनात घोड्याचा प्रश्नही निघाला, तो वरवर क्षुल्लक दिसतो. शिलेदाराचे घोडे स्वतःचे असे, बारगिराचे सरकारी पागेचे. घोडे मेले तर शिलेदार उघड्यावर पडे, म्हणून तो हातघाईला आढेवेढे घेई. बारगीर घोड्याची काळजी करीत नसे, पण लुटीत त्याचा वाटा सरकारच्या मर्जीवर. फौजेला पगार महिनोन्महिने मिळत नसेल, सरदार कर्जबाजारी असेल, आणि घोडा हीच संसाराची एकमेव मत्ता असेल, तर रणांगणावरचे शौर्य आणि गावातली लूट या दोन्हींचा उलगडा स्वभावापेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त सापडतो. एवढे ध्यानात आले की मागे वाचलेल्या दहा कादंबऱ्यांतील कितीतरी पराक्रम पुन्हा वाचावेसे वाटतात.

परदेशांत या प्रकाराचा खल आपल्याहून पुष्कळ आधी सुरू झाला. स्कॉटची ‘वेव्हर्ली’ १८१४ ची. इटलीच्या मांझोनीने १८२७ साली आपल्या भाषेतली सर्वश्रेष्ठ ऐतिहासिक कादंबरी लिहिली आणि पुढे १८५० साली निबंध लिहून असे प्रतिपादन केले की इतिहास आणि कल्पित यांचे हे मिश्रण मुळातच टिकणारे नाही. स्वतःच्या कीर्तीवर असे पाणी सोडणारा लेखक आपल्याकडे अद्याप निपजला नाही. हंगेरीच्या लुकाचने १९३७ च्या सुमारास दाखवून दिले की स्कॉटचे नायक मध्यम प्रतीचे, दोन्ही पक्षांत वावरणारे असतात आणि थोर ऐतिहासिक पुरुष कडेला असतात, म्हणून त्या कादंबऱ्यांत समाज दिसतो. मराठी परंपरेने बहुशः याच्या उलट केले: शिवाजी, संभाजी, बाजीराव, माधवराव यांना मध्यभागी बसविले आणि समाजाला मुजरा करावयास उभे केले. ‘अंताजीची बखर’ ही या अर्थाने स्कॉटच्या वाटेवर सर्वांत दूर गेलेली मराठी कृती होय, जरी तिचा सूर स्कॉटचा नसला तरी. इंग्लंडात हिलरी मँटेल यांची ‘वुल्फ हॉल’ २००९ साली आली, तिच्यात नायकाचा उल्लेख जवळजवळ सर्वत्र केवळ ‘तो’ असा असल्यामुळे कोण बोलतो आहे हेच कळेना म्हणून तेथील वाचकमंडळे त्रासून गेली. परंतु तोच ‘तो’ एकदा पकडता आला की आपण राजाच्या दरबाराकडे राजाच्या डोळ्यांनी नव्हे, तर लोहाराच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहत आहोत हे उमगते. अवघडपणा हा अशा ठिकाणी लेखकाच्या दृष्टीचाच भाग असतो, आणि तो सोपा करून सांगणारा चर्चाप्रमुख कादंबरी मारून टाकतो.

चर्चाप्रमुखाविषयी आणखी दोन शब्द. मंडळ बुडते ते बहुधा त्याच्याच हाताने. इतिहासाचा गाढा व्यासंग असलेला मनुष्य या पदी बसविला की प्रत्येक बैठकीचे व्याख्यान होते आणि कादंबरी ही चुकांची यादी बनते: ही तारीख चुकली, हा तंबाखूचा उल्लेख त्या काळाला शोभत नाही, हे गाव तेव्हा नव्हतेच. या चुका दाखविल्या जाव्यात, पण त्यांनी बैठक संपू नये. दुसऱ्या टोकाला जो मनुष्य सर्वांना आपापल्या भावना सांगावयास लावतो, त्याच्या मंडळात सारे प्रसन्न चित्ताने घरी जातात आणि कोणाच्याही मतात तिळभर फरक पडत नाही. मला दिसते त्याप्रमाणे काम चांगले चालते ते एका बैठकीला तीसचाळीस पानांपलीकडे न जाणाऱ्या मंडळात, जेथे प्रत्येक वेळी एकच उतारा मोठ्याने वाचला जातो आणि तो कोण सांगतो आहे, कोणाला सांगतो आहे व कशाच्या आधारावर सांगतो आहे, एवढेच आधी ठरविले जाते. विरार लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्या माणसांकडून याहून अधिक पानांची अपेक्षा करणे हा अन्यायच आहे.

भाषेची अडचण मात्र खरी आहे आणि ती झाकून उपयोग नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तिशीतल्या सभासदाला मुतालिक, मोकासा, सरंजाम, तैनात, मसलत हे शब्द परभाषेतले वाटतात. त्यासाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश अजूनही सर्वांत उपयोगी पडतो, कारण त्या कोशकारांनी हे शब्द चालत्या कारभारातून उचलले होते. आमच्या प्रकाशकांनी अशा कादंबऱ्यांना शेवटी वंशावळ, नकाशा आणि शब्दसूची जोडण्याची चाल मनापासून स्वीकारलेली नाही, ही तक्रार येथे नोंदवून ठेवतो. विसाव्या आवृत्तीलाही तेवढा कागद परवडत नसेल तर कशाला परवडेल?

राहता राहिला तो पोयसरच्या सभासदाचा प्रश्न. वसईच्या विजयाची आणि तेथून निघून नाशिकपासून भीमाशंकरपर्यंत देवळोदेवळी टांगल्या गेलेल्या घंटांची गोष्ट एका बैठकीत मोठ्या अभिमानाने निघाली असता त्याने शांतपणे विचारले की ज्या गावांतून त्या घंटा गेल्या त्या गावांतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडून ही मोहीम सांगणारी कादंबरी कोणती. आम्हांपैकी कोणालाही नाव सुचले नाही. चिमाजी आप्पांच्या बाजूने लिहिण्यासारखे पुष्कळ आहे आणि साष्टीत पोर्तुगीजांनी केलेल्या धर्मच्छळाचे पुरावेही विपुल आहेत, हे त्यालाही मान्य होते. परंतु गोतसभेत सर्व बलुती हजर असल्यावाचून महजर होत नसे, हे त्याने आमच्याच तोंडून ऐकलेले होते आणि ते त्याने आम्हांस परत केले. या प्रश्नाची दखल लेखात घेणे एवढेच आज शक्य आहे.

नव्याने मंडळ काढणाऱ्यांनी आरंभ ‘मंत्रावेगळा’ने करावा, कारण तिच्यात वाद अटळ आहे आणि भाषा आड येत नाही, मग शेजवलकर हाताशी ठेवून ‘पानिपत’, आणि माणसे टिकली तर ‘अंताजीची बखर’. ‘मृत्युंजय’ या यादीत नाही, कारण महाभारताला दप्तर नाही. ‘श्रीमान योगी’ घ्यावयाची असेल तर नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना, जी कादंबरीची स्तुती करण्याऐवजी शिवचरित्रातील अडचणीच एकामागून एक मांडीत जाते, ती आधी वाचू नये. कादंबरी पुरी होऊन सभासदांचे आपापसांत चांगले भांडण झाल्यावर ती उघडावी, आणि त्या बैठकीला पानांची मर्यादा ठेवू नये.